गोल्फची गाडी आणि अकलोलीचे कुंड

सुटीत डोंगरावर जाऊन गोल्फ खेळणे ही आता फक्त परदेशातली चैन राहिलेली नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीत मैदान आहे, गुलमर्गला तर सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. श्रीमंतांचा खेळ म्हणून त्याची टिंगल होते, पण १८ होलांचा डाव चालत खेळला तर सहा ते आठ किलोमीटरांची पायपीट होते, तीही चढउतारावर. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांचा मृत्युदर समान वयाच्या व आर्थिक स्तराच्या इतरांपेक्षा ४० टक्के कमी आढळला, असे २००८ मध्ये जाहीर झाले. ही मंडळी मुळातच धडधाकट असतील, हे अर्थातच खरे. तरी फायद्याचा मोठा वाटा चालण्याचाच. विजेच्या गाडीतून होलापर्यंत जाणारा खेळाडू पैसे मोजून तोच वाटा टाकून देतो.

भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीला हेच वेगळ्या रूपात घडते. तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे हा मुंबई-ठाणेकरांचा रविवारचा बेत. गाडी कुंडाजवळ थांबते, आंघोळ, जेवण, परत. वज्रेश्वरीचे मंदिर इथून हाकेच्या अंतरावर, वर ५२ पायऱ्या, आजूबाजूला डोंगर. इथे गोल्फचे मैदान कुणी मागत नाही. कुंडापासून मंदिरापर्यंत सावलीची, वाहनांपासून वेगळी पायवाट मात्र मागायला हवी. ती साऱ्यांना परवडेल.

कुंडाबद्दलही थोडे सांगायला हवे. जमिनीत खोल मुरलेले पावसाचे पाणी तिथल्या उष्णतेने तापून खडकांच्या भेगांतून वर येते. त्यात बसल्यावर स्नायू सैल पडतात, बरे वाटते. पण त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो आणि एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते. म्हणून चालून आल्यावर आधी पाणी पिऊन, घाम जिरू देऊन मगच उतरावे आणि थोड्या मिनिटांत बाहेर यावे. मद्य घेऊन तर उतरूच नये. हृदयविकाराचे रुग्ण व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींना वेगळाच धोका असतो. पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर पाणी पोळते आहे हे त्यांना कळतच नाही. पाय बुडवण्यापूर्वी सोबतच्या कुणालातरी हात घालून पाहायला सांगावे.