नावांच्या वहीचीही प्रत हवी

खानदेशातील व्यापारी पेढीचा हिशेब फार काळ लाल कापडी बांधणीच्या वह्यांत राहिला. कीर्द दिवाणजींच्या पुढ्यात, खतावणी लोखंडी कपाटात आणि जुन्या वह्या माळ्यावर, अशी त्यांची ठरलेली जागा असे. कोणती वही कोणी उघडावी, याचा निर्णय गादीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांचा असे. तो कोठे लिहून ठेवावा लागत नसे. आता जळगावची डाळ मिल असो, सराफी दुकान असो वा धुळ्यातील तेलाची पेढी असो, त्याच वह्या सर्व्हर नावाच्या एका संगणकात राहतात आणि काउंटरवरील, गोदामातील व कार्यालयातील संगणक केबलने त्याला जोडलेले असतात. वही बदलली, तसा तिचा धोकाही बदलला. वाळवीला एक वही खाण्यास काही महिने लागत. सर्व्हरची डिस्क बंद पडली, अथवा फाईली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागणारे रॅन्समवेअर आत शिरले, म्हणजे दहा वर्षांची खतावणी एका रात्रीत वाचेनाशी होते.

याविषयी विचारणा केली असता बहुतेक पेढ्यांत ‘बॅकअप घेतो’ असे उत्तर मिळते. त्याचा प्रत्यक्ष अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की, शनिवारी सायंकाळी टॅलीचे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरविले जाते आणि तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात, कधी कधी तर सर्व्हरलाच लावलेला राहतो. आग लागली तर दोन्ही जळतात, चोरी झाली तर दोन्ही जातात आणि रॅन्समवेअर आले तर दोन्ही कुलूपबंद होतात. याखेरीज आणखी एक उणीव असते, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फाईलींची प्रत घेतली जाते. त्या फाईली कोणी उघडाव्यात हे सांगणाऱ्या वहीची प्रत मात्र कोणीच घेत नाही.

माणसे ओळखणारी नोंद

दहा-पंधरा संगणक असलेल्या पेढीत सर्व्हर दोन प्रकारची कामे करतो. पहिले काम हिशेब, बिले, खरेदीचे करार, जीएसटीची विवरणपत्रे इत्यादी फाईली सांभाळण्याचे. दुसरे काम माणसे ओळखण्याचे. सकाळी हिशेबनीस आपले नाव व पासवर्ड टाकतो, तेव्हा हा माणूस कोण, त्याने कोणते फोल्डर उघडावे, कोणते केवळ पाहावे आणि कोणते त्याला दिसूही नये, हे ठरविणारी नोंद सर्व्हरमध्ये असते. तिला डिरेक्टरी म्हणतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर आणलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी आज सर्वत्र प्रचलित आहे. ती ज्या सर्व्हरवर चालते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात.

ही नोंद नष्ट झाली तर नावे पुन्हा लिहून काढता येतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि सर्व्हर माणसाला नावाने नव्हे, तर त्याच्या खात्याला दिलेल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखतो. तीच नावे पुन्हा टाइप केली, तरी क्रमांक नवे पडतात. फोल्डरांवरील परवानग्या मात्र जुन्या क्रमांकांना दिलेल्या असतात. परिणामी फाईली डिस्कवर सुरक्षित असूनही मुनीम, गोदामपाल आणि मालक तिघेही बाहेर उभे राहतात. मग प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या हाताने पुन्हा लावाव्या लागतात, आणि त्या घाईत जे कोणाला दिसू नये ते सर्वांना दिसू लागते.

न्हावा-शेवा ते घाना

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळी परदेशी निघतात, तेव्हा त्यांच्या शीत कंटेनरांची वाट बहुधा न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून जाते. २७ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या एका संगणकीय हल्ल्यात या बंदरातील, डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि तेथील काम हाताने करण्याची वेळ आली. त्या हल्ल्याचे नाव ‘नॉटपेट्या’. व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, त्याचा उगम युक्रेनमध्ये करभरणा व हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत असे. परंतु पैसे भरूनही फाईली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, मर्स्ककडे अनेक सर्व्हरांच्या फाईलींच्या तीन ते सात दिवसांपूर्वीच्या प्रती होत्या. डिरेक्टरीची स्वतंत्र प्रत मात्र नव्हती. जगभर सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. त्यामुळे एक गेला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल, असा हिशेब होता. सर्व एकाच वेळी पुसले जातील, ही शक्यता त्या हिशेबात धरलेली नव्हती. अखेर आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात एक डोमेन कंट्रोलर सुरक्षित सापडला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता, एवढेच त्याचे कारण! तेथील इंटरनेट इतके मंद होते की प्रत पाठविण्यास अनेक दिवस लागले असते. कर्मचाऱ्यांपाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एका कर्मचाऱ्याने नायजेरियाच्या विमानतळापर्यंत जाऊन ती हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनजवळच्या मेडनहेड येथे पोहोचली.

कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये डाव्होस येथे सांगितल्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेला. एवढ्या बलाढ्य संस्थेला जे तारून गेले, ते वीज जाण्याने योगायोगाने घडले. खानदेशातील पेढीने तेच काम योगायोगावर न सोडता ठरवून करावे, हा या घटनेचा व्यवहारी अर्थ होय.

दुसरे उदाहरण देशातीलच आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले आणि नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचे काम सुमारे दोन आठवडे कागदावर चालले. तेथील माहिती परत मिळाली ती हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे.

कायद्याची अपेक्षा

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. नियम ५७ याहून स्पष्ट आहे. अपघाताने अथवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील अशा रीतीने त्यांचा बॅकअप ठेवावा, असे तो सांगतो. तसेच अधिकाऱ्यांनी मागणी केल्यास फाईलींचा तपशील आणि त्यांचे पासवर्ड देण्याची जबाबदारीही व्यापाऱ्यावर टाकतो. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज घेणे बंधनकारक आहे. शनिवारचा पेन ड्राइव्ह या कसोटीला उतरत नाही.

मांडणी कशी असावी

प्रतींबाबत एक सोपा नियम जगभर मानला जातो; तो अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रसिद्ध केला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. जळगावला गादी आणि धुळ्याला शाखा असलेल्या कुटुंबांना हा नियम जणू घरातच उपलब्ध आहे. दोन शहरांत सुमारे ९० किलोमीटरचे अंतर आहे. पांझरेला पूर आला तरी जळगावची प्रत कोरडी राहील, आणि जळगावच्या कार्यालयात शॉर्टसर्किट झाले तरी धुळ्याची प्रत वाचेल.

पहिली प्रत म्हणजे सर्व्हरवरील चालू हिशेब. दुसरी प्रत नेटवर्कवरील स्वतंत्र साठवणपेटीत, जिला नॅस म्हणतात, तीत दररोज रात्री आपोआप जावी. या पेटीला पेढीच्या डिरेक्टरीत सामील करू नये. तिचे नाव व पासवर्ड निराळे असावेत. ज्याने डिरेक्टरीच्या मुख्य खात्यावर ताबा मिळविला, त्याला बॅकअपची दारेही त्याच किल्लीने उघडता कामा नयेत. तिसरी प्रत दोन हार्ड डिस्कवर आळीपाळीने घ्यावी. एक डिस्क या आठवड्यात धुळ्याच्या तिजोरीत, दुसरी जळगावात. पुढील आठवड्यात अदलाबदल. प्रत उतरली की डिस्क काढून ठेवावी आणि प्रवासात गहाळ झाली तरी कोणास वाचता येऊ नये म्हणून ती एन्क्रिप्ट केलेली असावी.

बॅकअप सॉफ्टवेअर निवडताना चकचकीत जाहिरातीपेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. उघड्या असलेल्या फाईलींची सुसंगत प्रत ते घेते काय? आठवड्यातून एकदा पूर्ण आणि इतर दिवशी केवळ बदललेल्या भागाची प्रत घेण्याची सोय आहे काय? काम फसल्यास सकाळी तशी सूचना येते काय? आणि डिरेक्टरीचा बॅकअप घेते काय? विंडोज सर्व्हरसोबत विनामूल्य मिळणाऱ्या विंडोज सर्व्हर बॅकअपमध्ये ‘सिस्टिम स्टेट’ असा पर्याय असतो. डोमेन कंट्रोलरवर तो निवडला की डिरेक्टरी प्रतीत येते. ही प्रत फार जुनी होऊ देऊ नये. सर्वसाधारण रचनेत १८० दिवसांहून जुनी डिरेक्टरी परत बसविण्यास उपयोगी पडत नाही. दुसरा डोमेन कंट्रोलर असणे चांगलेच. पण तो बॅकअप नव्हे. एकावर चुकून खोडलेले खाते काही वेळात दुसऱ्यावरूनही खोडले जाते. फाईली आपोआप जुळवून ठेवणाऱ्या क्लाउड सेवांनाही हेच लागू आहे.

जेथे तीन-चारच संगणक आहेत आणि डिरेक्टरी नाही, तेथेही तत्त्व बदलत नाही. नॅसवरील खात्यांची व परवानग्यांची जुळणी स्वतंत्र फाईल म्हणून उतरवून ठेवता येते. ती प्रतीत असावी. टॅलीतील बॅकअपची सोय रोज दुकान बंद करताना वापरावी. ३१ मार्चच्या वर्षअखेरीची प्रत मात्र कधीही पुसू नये. ती ७२ महिन्यांच्या हिशेबाने वेगळी बांधून ठेवावी. यंत्रांकडेही पाहावे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि दुकान बंद झाल्यावर वातानुकूलनही बंद होते. नेमक्या त्याच वेळी बॅकअपचे काम चालते. खोली हवेशीर असावी, यूपीएस चालू असावा, आणि रात्री वीज गेल्यास फसलेला बॅकअप सकाळी पुन्हा घेतला जावा.

किल्ली कोणापाशी

कुटुंबाच्या व्यवसायात सर्वांत नाजूक दुवा यंत्राचा नसून माणसाचा असतो. पासवर्ड एकट्या मोठ्या भावाला किंवा वर्षानुवर्षांच्या विश्वासू मुनिमांना ठाऊक असतो. ते आजारी पडले अथवा अचानक कालवश झाले, तर उधारी कोणाकडे किती, हे घरातील स्त्रियांना व मुलांना कळण्याचा मार्गच बंद होतो. दुःखाच्या दिवसांत देणेकरी गप्प राहतात आणि घेणेकरी दारात येतात, हे बाजाराला नवे नाही. टॅलीतील टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर त्या सॉफ्टवेअरची कंपनीही तो परत देऊ शकत नाही. डोमेन कंट्रोलर पूर्ववत करण्यासाठी डिरेक्टरीच्या दुरुस्तीचा एक निराळा पासवर्ड लागतो. तो सर्व्हर बसविताना एकदाच ठरविला जातो आणि बहुधा बसविणाऱ्याच्या स्मरणातच राहतो. हे सर्व पासवर्ड, तसेच एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासवर्ड, कागदावर लिहून मोहोरबंद पाकिटात दोन्ही गावांच्या तिजोऱ्यांत ठेवावेत. डिस्कसोबत एकाच कप्प्यात ठेवू नयेत. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलावे, आणि ते कोठे आहे हे घरातील किमान दोघांना, त्यांत एका स्त्रीला, माहीत असावे.

बँकांच्या संगणकीकृत शाखांत दिवसअखेर टेपवर प्रत घेऊन ती दुसऱ्या जागी ठेवण्याची आणि नोंदवहीत सही करण्याची शिस्त होती. पेढीतही तशी एक साधी वही घालावी: तारीख, बॅकअप पूर्ण झाला की नाही, डिस्क कोठे गेली आणि पाहणाऱ्याची सही. दर तीन महिन्यांनी एका रविवारी नेटवर्कला न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर प्रतीतून सर्व उभे करून पाहावे. एका व्यापाऱ्याचे खाते उघडावे, त्याची बाकी छापील उताऱ्याशी ताडावी, एका नोकराच्या नावाने प्रवेश करून त्याला नको ते फोल्डर दिसत नाही ना याची खात्री करावी आणि या कामाला किती वेळ लागला तो वहीत लिहावा. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे न वटलेल्या धनादेशाची रक्कम शिलकेत धरण्यासारखे आहे.

या सर्व व्यवस्थेचा खर्च पेढीच्या आकाराप्रमाणे एक साठवणपेटी, दोन हार्ड डिस्क आणि रोजची पाच मिनिटे एवढाच असतो. तो करावा की नाही, हे ठरविताना मालकांनी आपल्या संगणक-तंत्रज्ञाला एकच प्रश्न विचारावा: आज सायंकाळी सर्व्हर बंद पडला, तर उद्या पहिली पावती किती वाजता निघेल? त्याने वहीतील मागच्या चाचणीची नोंद दाखवून वेळ सांगितली, तर व्यवस्था ठीक समजावी. त्याने अंदाज सांगितला, तर येत्या रविवारीच चाचणी ठेवावी.