हापूसच्या थेट खरेदीविक्रीविषयी बागायतदार व ग्राहक यांना जाहीर आवाहन

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील आंबा बागायतदारांस, तसेच मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जिथे जिथे मराठी कुटुंब दरवर्षी हापूसच्या पेटीची वाट पाहते तिथल्या ग्राहकांस उद्देशून हे आवाहन आहे. दोघांस एकाच पत्रातून विनंती करण्याचे कारण असे की, व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम या समाजमाध्यमांनी गेल्या काही वर्षांत या दोन पक्षांना जितके जवळ आणले आहे तितके ते पूर्वी कधीही नव्हते. आणि या सान्निध्याचा लाभ टिकावा अशी इच्छा असेल, तर मधला माणूस दूर झाल्यामुळे जी जबाबदारी अनाथ झाली आहे ती दोघांनी मिळून पत्करली पाहिजे.

पूर्वीची रीत बागायतदारांना सांगायला नको. हंगामाच्या आधीच आडत्याकडून उचल घ्यावी, पेट्या भरून वाशीच्या बाजारात रवाना कराव्यात आणि पट्टीची वाट पाहावी. ती पट्टी येई तेव्हा दलाली, हमाली, भाडे आणि घेतलेली उचल वजा जाता जी रक्कम हाती पडे, तिच्या मुळाशी असलेला भाव कोणी व कसा ठरवला हे विचारण्याइतके सामर्थ्य लहान बागायतदाराच्या अंगी क्वचितच असे. इकडे ग्राहकालाही आपल्या ताटातला आंबा कोणत्या गावचा, झाडावरून कधी उतरवलेला, अढीत पिकलेला की कायद्याने निषिद्ध असलेल्या कार्बाइडच्या वायूवर पिवळा केलेला, हे कळण्यास मार्ग नव्हता. मार्च 2020 मध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, टाळेबंदी झाली आणि बाजारपेठांचे व्यवहार विस्कळीत झाले, तेव्हा अनेक बागायतदारांनी व्हॉट्सॲपवरून शहरातील गृहनिर्माण संस्थांशी संधान बांधून पेट्या थेट इमारतींच्या दारात उतरवल्या. त्या संकटात जी ओळख झाली ती पुढेही टिकली. आज एखाद्या लहानशा वाडीतील बागायतदार आपल्या बागेतील मोहोराचे, फवारणीचे, काढणीचे चित्रण ग्राहकास दाखवतो, स्वतःचा भाव स्वतः सांगतो आणि पैसे त्याच दिवशी आपल्या खात्यात जमा झालेले पाहतो. शेतकऱ्याला आपल्या मालाची किंमत स्वतः उच्चारता येणे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि पुढे जे काही सावधगिरीचे शब्द लिहिणार आहे ते हा लाभ गमावला जाऊ नये म्हणूनच.

आडत्याविषयी रास्त तक्रारी पुष्कळ होत्या. तथापि त्याचा गाळा ठिकाणावर असे, त्याच्यापाशी बाजार समितीचा परवाना असे, आणि माल वाईट निघाला किंवा पैसे बुडाले तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे हे ठाऊक असे. समाजमाध्यमावरील विक्रेत्याविषयी मात्र पुष्कळदा एक छायाचित्र, एक मोहक नाव आणि एक मोबाईल क्रमांक यांपलीकडे काहीही ठाऊक नसते. लबाडांनी नेमकी हीच फट हेरली आहे. खऱ्या बागायतदाराची छायाचित्रे व चित्रफिती उचलायच्या, त्याच्या नावाशी मिळतेजुळते पान उघडायचे, बाजारभावाहून बराच कमी भाव जाहीर करायचा, पूर्ण रक्कम आगाऊ मागायची, ती मिळाल्यावर वाहतुकीच्या किंवा कराच्या नावाखाली आणखी काही उकळायचे आणि अखेर ग्राहकाचा क्रमांक ब्लॉक करायचा, असा हा शिरस्ता आहे. अशा पानाची जाहिरात ‘प्रायोजित’ म्हणून आपल्यासमोर आली याचा अर्थ इतकाच की तिचे पैसे भरले गेले आहेत. समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्याची बाग पाहिलेली नसते. नावापुढील निळी खूणदेखील 2023 पासून मासिक शुल्क भरून मिळू लागली आहे, आणि ती फार तर खातेदाराची ओळख पटवील, आंब्याची नव्हे.

येथे कायद्याची एक बाब ग्राहकांनी ध्यानात घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे फिर्याद दाखल करता येते. पूर्वीप्रमाणे विक्रेत्याच्या जिल्ह्यात खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही द्यावे लागत नाही. पुण्याच्या ग्राहकाला देवगडच्या व्यवहाराची दाद पुण्यातच मागता यावी, ही सोय लहानसहान नाही. परंतु प्रतिपक्षाचे खरे नाव व पत्ता हाती नसेल, तर आयोगाने नोटीस बजावायची कोणावर? सबब, मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याचे पूर्ण नाव, गाव, तालुका विचारून घेणे, शक्य तर एकदा त्याच्याशी प्रत्यक्ष बोलणे, पहिल्या खेपेस पूर्ण रकमेऐवजी थोडासा इसार देऊन बाकी माल हाती पडल्यावर देणे आणि साधी का होईना पावती मागणे, यांस कोणी अविश्वास समजू नये. प्रामाणिक विक्रेत्याला अशा चौकशीचा राग येत नाही.

बागायतदारांवर येणारे प्रसंग वेगळे आहेत, आणि त्यांची वाच्यता कमी होते, कारण फसलेला व्यापारी संकोचाने गप्प बसतो. पैसे पाठवल्याचे बनावट चित्र दाखवून पेट्या उचलून नेणारे इसम आहेत. लष्करातील अधिकारी असल्याची बतावणी करून मोठी मागणी नोंदवणारे, आणि ‘आमच्या पद्धतीने पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगून उलट विक्रेत्याचेच खाते रिकामे करणारे आहेत. यूपीआयमध्ये पिन टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, एवढे एक वाक्य घरातील प्रत्येकाने, विशेषतः हंगामात मागण्या घेणाऱ्या मुलामुलींनी, मनावर कोरून घ्यावे. खात्यावर रक्कम जमा झाल्याची नोंद बँकेच्या विवरणात स्वतः पाहिल्याखेरीज पेटी गाडीत चढवू नये. व्हॉट्सॲपचा सहा अंकी संकेतांक कोणी कितीही आर्जवाने मागितला तरी देऊ नये, कारण तो दिला की आपले खाते व त्यातील ग्राहकवर्ग परक्याच्या ताब्यात जातो, आणि मग आपल्याच नावाने आपल्याच ग्राहकांकडून पैसे मागितले जातात.

आणखी एक धोका असा, की त्यात लबाड कोणीही नसतो. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडली होती. तिन्ही एकाच कंपनीच्या मालकीची असल्याने एक पडले की दुसऱ्याचा आधार राहत नाही. तेव्हा ज्यांचा सर्व व्यापार एका खात्यावर उभा आहे त्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व पूर्वीच्या खरेदीची नोंद कागदी वहीत अवश्य ठेवावी. खाते कंपनीच्या मर्जीवर चालते; वही आपली असते. आणि या वहीतील पत्ते ही ग्राहकाने विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. शेकडो ग्राहकांना एका गटात घालून प्रत्येकाचा क्रमांक सर्वांसमोर उघडा करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी वापरावी, आणि रवाना होणाऱ्या पेट्यांचे छायाचित्र टाकताना वरील पत्त्याची चिठ्ठी दिसणार नाही याची दक्षता घ्यावी.

आता ज्या विषयावर उभय पक्षांत सर्वाधिक कटुता येते त्याकडे वळतो. हापूसमध्ये साका होतो. वरून निर्दोष, सुवासिक, केशरी दिसणारे फळ कापले असता आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर निघतो, आणि हा दोष फळ कापेपर्यंत बागायतदारालाही दिसत नाही. पूर्वी असे फळ निघाले तर कोपऱ्यावरच्या फळवाल्याला दाखवून दुसरे घेता येई. आज संतापलेला ग्राहक त्याच क्षणी छायाचित्र काढून ‘फसवणूक’ असा शिक्का मारून सर्वत्र धाडतो, आणि वर्षभर झाडाखाली राबलेल्या कुटुंबाची पत एका दुपारी धुळीस मिळते. ग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रथम विक्रेत्यास खाजगी रीतीने कळवावे, त्याला दोन दिवसांचा अवधी द्यावा, आणि त्याने दाद दिली नाही तरच जे घडले तेवढेच, अतिशयोक्ती न करता, जाहीर लिहावे. बागायतदारांनीही साक्याची फळे किती व कोणत्या मुदतीत बदलून देऊ, हे मागणी घेतानाच लेखी सांगावे. तक्रारीचा मजकूर पानावरून पुसून टाकू नये, त्याखाली उत्तर लिहावे. नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेण्याचा मोह तर सर्वथा वर्ज्य समजावा. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनी निषिद्ध ठरवले आहे, आणि नियम नसता तरी ते असत्यच ठरले असते.

हेच तत्त्व समाजमाध्यमांवर आंब्याची स्तुती करणाऱ्या लोकप्रिय मंडळींनाही लागू आहे. केंद्र शासनाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोबदला घेऊन, अथवा फुकट पेटी स्वीकारून, केलेली शिफारस ही जाहिरात आहे असे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. तसे न सांगणाऱ्याच्या भरवशावर कोणी खरेदी करू नये.

राहिला नावाचा प्रश्न. या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही कर्नाटकातील आंबा देवगडच्या नावाने विकण्याचा प्रकार थांबलेला नाही, आणि समाजमाध्यमांवर तो अधिकच सोपा झाला आहे. या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक बागायतदारास नोंदणी करता येते. ती ज्यांनी अद्याप केली नसेल त्यांनी पुढील हंगामापूर्वी करावी आणि नोंदणी क्रमांक पेटीवर व आपल्या पानावर ठळक छापावा. देवगड तालुक्यातील उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र संकेतांकाची मोहर लावण्यास आरंभ केला असून, ग्राहकाला तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवून रुजवात घेता येते. ज्या माध्यमावरून खोटा माल विकला जातो त्याच माध्यमावरून खऱ्याची परीक्षा करण्याचा हा प्रयत्न मला अनुकरणीय वाटतो, आणि इतर तालुक्यांनीही तो उचलून धरावा.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवली जाण्याचा संभव पहिल्या काही तासांतच असतो. संभाषण, पैसे दिल्याची नोंद आणि त्या पानाचे छायाचित्र पुसू नका. मालाच्या प्रतीविषयी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक सहाय्यवाणीचा क्रमांक 1915 आहे. बागायतदारांनी या हंगामाच्या पहिल्या पेटीपासूनच तिच्यावर आपले नाव, गाव, तालुका व नोंदणी क्रमांक लिहावा, आणि ज्या पानावर हे चार तपशील नाहीत त्या पानावर ग्राहकांनी एक रुपयाही आगाऊ पाठवू नये, ही माझी उभयतांस आग्रहाची विनंती आहे.