गाडी आली, पण गाडींत कोण आलें?

आमच्या समाजाची एक जुनी खोड आहे. एखादी सार्वजनिक गरज नजरेस आली, कीं तिच्यासाठीं लागणारी वस्तु विकत घेऊन आम्ही मोकळे होतों, आणि ती वस्तु चालविणाऱ्या माणसाचा विचार उद्यांवर टाकतों. शाळा म्हटली कीं इमारत, ग्रंथालय म्हटलें कीं कपाटें, आणि तांतडीची रुग्णसेवा म्हटली कीं गाडी! गाडीच्या पूजेला पुढारी येतात, नारळ फुटतो, झेंडी हालते, वर्तमानपत्रांत छायाचित्र झळकतें; पण त्या गाडीच्या मागल्या भागांत जो बसणार त्याचें शिक्षण काय, अधिकार काय, त्याला विसावा केव्हां, हें विचारणारा त्या मंडपांत बहुधा एकहि नसतो. हा प्रश्न आम्ही येथें विचारणार आहों, आणि तो भंडारा जिल्ह्याकडे बोट दाखवून विचारणार आहों.

भंडाराच कां, असें कोणी म्हणेल. उत्तर सोपें आहे. अपघाताचे आणि अकस्मात् दुखण्याचे जेवढे प्रकार या महाराष्ट्रांत संभवतात, तेवढे बहुतेक सारे या सात तालुक्यांच्या लहानशा जिल्ह्यांत एकत्र नांदतात. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वींचा सहा क्रमांकाचा व आतांचा त्रेपन्नावा, भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या अंगांतून जातो, आणि रात्रंदिवस मालमोटारी वाहतो. तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजरूक येथें मँगनीजच्या खाणी आहेत. नवेगांव-नागझिऱ्याच्या रानांत मोहफुलें आणि तेंदूपत्ता वेंचणारे आहेत. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर धानाच्या बांध्या आहेत. त्यांत चिखल आहे, साप आहे, उलटणारा ट्रॅक्टर आहे आणि पिकावर फवारावयाचें विष आहे. याशिवाय जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना आहे.

गेल्या कांहीं वर्षांत या जिल्ह्याचें नांव साऱ्या देशाच्या तोंडीं दोनदां आलें, आणि दोन्ही वेळां तें दुःखानें आलें. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा अर्भकें गेलीं. सात वांचविण्यांत आलीं. २४ जानेवारी २०२५ रोजीं जवाहरनगरच्या कारखान्यांत स्फोट होऊन छप्पर कोसळलें व आठ कामगार प्राणांस मुकले. दोन्ही प्रसंगीं लोकांच्या चर्चेचा ओघ तारांकडे, भिंतींकडे आणि यंत्रांकडे वळला. तो वळावयासच हवा होता. पण अशा प्रसंगीं जखमींच्या रांगेसमोर उभें राहून, आधीं कोणाला उचलावयाचें आणि कोण घटकाभर थांबूं शकेल, हें ठरविणारा शिकलेला माणूस जिल्ह्यांत कोठें व किती आहे, हा प्रश्न आमच्या बैठकींतल्या बोलण्यांत आलाच नाहीं. ही निवड करण्याची विद्या आजकालची नव्हे. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस रणांगणावर धांवत्या रुग्णगाड्या नेल्या, तेव्हां हुद्दा न पाहतां जखम पाहून उचलण्याचा नियमहि त्यानें घालून दिला. सव्वादोनशें वर्षें लोटलीं. गाडी आम्हीं घेतली, नियम रणांगणावरच राहिला.

मोटारवाहन कायद्यांत २०१९ सालीं 'सुवर्ण तास' या शब्दांची व्याख्याच घालण्यांत आली: जबर दुखापत झाल्यापासूनचा एक तास, कीं ज्यांत त्वरित उपचार झाल्यास प्राण वांचण्याचा संभव सर्वांत अधिक. आतां हें गणित भंडाऱ्यास लावून पाहा. भंडाऱ्याहून नागपूर सुमारें साठ किलोमीटर. साकोलीहून शंभराच्या घरांत. मेंदूस मार लागलेला माणूस साकोलीजवळ पडला, कोणी फोन केला, गाडी निघाली, पोंचली, त्याला उचललें, जवळच्या रुग्णालयांत नेलें, तेथून 'नागपूरला न्या' असें झालें. सुवर्ण तास सरला तो वाटेंतच. म्हणजे कायद्यानें ज्या तासास सोन्याचें नांव दिलें, तो तास आमच्या खेड्यांतल्या माणसाच्या वांट्यास रुग्णालयांत येतच नाहीं. तो रस्त्यावर येतो. मग त्या तासाचा खरा वैद्य कोण? रस्त्यावर त्याच्याजवळ जो असेल तो.

२६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकाची सेवा सुरू झाली. त्या वेळीं ९३७ गाड्यांची योजना होती. त्यांपैकीं २३३ प्रगत साधनांच्या आणि ७०४ प्राथमिक साधनांच्या. ही सेवा फुकट आहे, आणि तिनें असंख्य घरांतले दिवे विझतां विझतां राखले, हें न मानणें कृतघ्नपणा होईल. आमचें भांडण सेवेशीं नाहीं. ज्या कल्पनेवर ती उभी राहिली त्या कल्पनेशीं आहे. ती कल्पना अशी, कीं पुढें एक चालक आणि मागें एक डॉक्टर बसविला कीं काम झालें. हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेदादि शाखांचे पदवीधर, कंत्राटावर नेमलेले. जगांत अन्यत्र ज्याला 'पॅरामेडिक' म्हणतात, म्हणजे याच कामासाठीं शिकलेला आणि हेंच काम जन्मभर करणारा माणूस, त्याला या रचनेंत स्वतंत्र जागा ठेवलीच नाहीं.

आतां गाडी धांवूं लागल्यावर काय होतें तें पाहूं. हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां दाबावयाची. दर तीस दाबांमागें दोन श्वास द्यावयाचे. श्वास देण्याचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट धरावयास एक हात पुरत नाहीं. दोन्ही लागतात, आणि पिशवी दाबावयास तिसरा. शिवाय शीर शोधून सुई लावावयाची, विजेचा झटका देणारें यंत्र जोडावयाचें, पुढच्या रुग्णालयास कळवावयाचें, आणि हंबरडा फोडणाऱ्या नातलगांस धीर द्यावयाचा. चालकाचे हात सुकाणूवर आहेत. ते तेथून हलतां कामा नयेत. म्हणजे मागें माणूस एक, आणि हात दोन. धन्वंतरी जरी त्या जागीं बसविला, तरी त्यालाहि चार हात पुराणांतच लाभले आहेत, १०८ च्या गाडींत नव्हेत!

धानाच्या मुलखांतलें एक उदाहरण देतों. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसास मण्यार चावते. दंशाची जागा दुखत नाहीं, सुजत नाहीं. पोटांत कळ येते, पापण्या मिटूं लागतात, जीभ जड होते, आणि पहाटेपर्यंत श्वासाचे स्नायु लुळे पडतात. लस टोंचली तरी एकदां जडलेला लुळेपणा ती लौकर उतरवूं शकत नाहीं. अशा वेळीं प्राण राखतो तो कृत्रिम श्वास. आणि तो घरच्या दारापासून श्वसनयंत्रापर्यंत एक क्षणहि न तुटतां चालला पाहिजे. मोठ्या पदवीची येथें गरज नाहीं. येथें गरज आहे ती तालमींतल्या पैलवानाप्रमाणें घटवून घटवून पक्क्या झालेल्या हातांची, आणि तेहि एका जोडीची नव्हे, दोन जोड्यांची. केंद्र सरकारनें २०२४ सालीं सर्पदंशाविषयीं राष्ट्रीय कृतियोजना काढली व २०३० पर्यंत मृत्यु निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला. संकल्प उत्तम आहे; पण तो लाखांदूरच्या शिवारांतून रुग्णालयापर्यंत पोंचविणारे हात कोणते, हें सांगितल्यावांचून संकल्पाचें उदक भूमीवरच पडणार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: "अहो, डॉक्टर देत असतां कमी शिकलेला तंत्रज्ञ मागतां, हें कसलें शहाणपण?" हा आक्षेप पदवीच्या मोहांतून निघाला आहे. आम्ही डॉक्टरास हटवा म्हणत नाहीं. पण चेपलेल्या मालमोटारींतून माणूस मणका न हलवितां कसा काढावा, धांवत्या गाडींत घशांतील रक्त कसें ओढावें, कीटकनाशक प्यालेल्याचे कपडे आधीं उतरवून अंग कसें धुवावें, हें शास्त्र वेगळें आहे. वैद्यकाच्या सामान्य पदवीच्या ओघांत तें हातीं मुरत नाहीं. पुन्हा, जो तरुण डॉक्टर हें काम स्वतःचा दवाखाना निघेपर्यंतचा मुक्काम समजतो, त्याच्या हातीं आलेलें कसब त्याच्याबरोबरच निघून जातें. दोष त्याचा नाहीं. मुक्कामाच्या जागीं कोणी घर बांधीत नसतो.

दुसरा आक्षेप असा, कीं हे सारे श्रीमंत देशांचे चोचले. इतिहास उलट सांगतो. अमेरिकेंत पिट्सबर्ग शहरीं १९६७ सालीं 'फ्रीडम हाउस' नांवाची रुग्णवाहिकासेवा निघाली. तोंवर तेथें आजाऱ्यास पोलिसांच्या गाडींतून, नाहींतर प्रेतें वाहणाऱ्या गाडींतून नेत. डॉक्टर पीटर साफर यांनीं दरिद्री वस्तींतले, 'कशाच्याहि लायकीचे नाहींत' असें ज्यांच्याविषयीं म्हटलें जाई, ते कृष्णवर्णीय तरुण निवडले, त्यांस शेंकडों तास कसून शिकविलें, आणि अमेरिकेच्या पॅरामेडिक व्यवसायाचा आरंभ ज्यांच्यापासून गणला जातो त्यांत त्यांचा मान मोठा आहे. श्रीमंतीनें हें घडविलें नाहीं, शिक्षणानें घडविलें. घरचाच दाखला हवा असेल तर २००५ सालीं हैदराबादेस जी १०८ सेवा निघाली, तिनें गाडींत डॉक्टर न ठेवतां शिकविलेला तंत्रज्ञ ठेवला, आणि पुढें अनेक राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. त्याहिपूर्वीं, १८९९ सालीं, बोअर युद्धांत गांधीजींनीं अकराशें हिंदी लोकांचें पथक उभारलें. त्यांत वकील होते आणि गिरमिटियेहि होते; डोल्यांवर जखमी घेऊन ते दिवसाकाठीं वीस-पंचवीस मैल चालले. त्यांस हमाल म्हणण्याची छाती कोणाची झाली नाहीं.

आणखी एक अडचण आहे. ती नकाशांत दिसत नाहीं, कानांत येते. २०१४ सालीं या सेवेचें नियंत्रणकेंद्र पुण्यास ठेवण्यांत आलें. आतां झाडीपट्टींतला शेतकरी घाबऱ्या घाबऱ्या सांगतो, कीं 'टोल्याच्या बोडीपाशीं, बांधींत पडला आहे.' बोडी म्हणजे लहान तळें, टोला म्हणजे गांवाबाहेरची वाडी, हें भंडाऱ्याच्या पोरासहि ठाऊक. पण पुणेरी कानास हें झाडीबोलींतलें वाक्य तीनदां विचारावें लागलें, तर तीं तीन मिनिटें कोणाच्या खातीं लिहावयाचीं? त्यांत एकाच नांवाचीं गांवें, हें खुर्द तें बुजरूक. हृदय थांबल्यावर छाती दाबणारा कोणी नसेल, तर दर मिनिटागणिक वांचण्याची आशा शेंकडा सात ते दहांनीं घटते. भाषाशास्त्राची चर्चा करावयास तेथें अवकाश नसतो.

२०२१ च्या सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांविषयींच्या केंद्रीय कायद्यानें या व्यवसायास नांवानिशीं मान्यता दिली आहे; दोन ते चार वर्षांत निदान दोन हजार तासांचें शिक्षण अशी किमान मर्यादाहि घातली आहे. म्हणजे कागदावर माणूस जन्मला आहे. आतां त्याला बारशापलीकडे वाढवावयाचें आहे. आणि येथें आम्ही सरकारापेक्षां आमच्या वाचकवर्गास अधिक दोषी धरतों. ज्या घरीं मुलगा डॉक्टर झाला नाहीं म्हणजे आयुष्य फुकट गेलें असें मानतात. 'जांवई रुग्णवाहिकेवर असतो' हें सांगतांना जेथें आवाज खालीं जातो. त्या घरांतून या व्यवसायास प्रतिष्ठा कोठून येणार? साधा शब्दच पाहा. 'गाडी बोलावली', 'एकशेंआठ आली', असें आम्ही म्हणतों. जो प्राण वांचवितो त्याला आमच्या भाषेंत नांव नाहीं, आकडा आहे! गाडीस उशीर झाला कीं जमावाची पहिली शिवी मात्र त्या निनांवी माणसासच मिळते.

तेव्हां आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक गाडींत चालकावांचून दोन शिकलेले हात-जोड असावेत. या कामाची कायम, नोंदलेली श्रेणी जिल्ह्यांत असावी. कंत्राट बदललें कीं माणसें बदललीं, असें होऊं नये. कोणतें औषध कोणत्या लक्षणावर द्यावयाचें याचे लेखी नियम असावेत, आणि त्यांबाहेर शंका आली तर दूरध्वनीवर अधिकारी डॉक्टर अहोरात्र हजर असावा. रुग्ण सोंपवितांना वाटेंत काय केलें याचा लेख रुग्णालयानें सहीनिशीं घ्यावा. रस्त्यावरची सेवा ही उपचाराचें पहिलें पान आहे, हें त्यावांचून कोणी मानणार नाहीं. भंडाऱ्यास २०२४ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन निघालें; त्याच्याच आवारांत हा अभ्यासक्रम चालवावा, आणि त्यांत जिल्ह्यांतलेच, झाडीबोली बोलणारे तरुण-तरुणी घ्यावेत. त्यांपैकींच कांहींना हांकेच्या पहिल्या टोंकाशीं, दूरध्वनीवरहि बसवावें.

वाचकांनींहि आपला वांटा उचलला पाहिजे. जखमीस मदत करणाऱ्यास पोलिसांचा जाच होऊं नये असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं ठरविलें, आणि २०१९ सालीं तें मोटारवाहन कायद्यांतहि आलें. तेव्हां 'कोर्टकचेरीची भीति' ही सबब आतां उरली नाहीं. उरली असेल ती आपली उदासीनता. प्रत्येक घरांतल्या एका तरी माणसानें छाती दाबण्याची व रक्त थांबविण्याची रीत शिकून घ्यावी. गाडी येईपर्यंतचीं मिनिटें कोणत्याहि सरकारास विकत घेतां येत नाहींत. तीं शेजाऱ्याच्याच हातीं असतात.

२०२५ सालीं केंद्र सरकारनें रस्त्यावरच्या जखमींस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरतां मिळण्याची योजना लागू केली. योजना चांगली आहे, पण तिचा लाभ घ्यावयास माणूस आधीं जिवंत पोंचला पाहिजे. तो पोंचवावयाचा कोणी, या प्रश्नाचें उत्तर 'गाडीनें' असें जोंवर आपण देत राहूं, तोंवर भंडाऱ्याच्या महामार्गावर आपण रुग्णवाहिका चालवीत नसून सायरन लावलेली मालमोटार चालवीत आहों, हें कबूल केलें पाहिजे.