सांगकाम्याला दोष का द्यावा?

सांगकाम्याच्या गोष्टी आपण सर्वांनी लहानपणी ऐकल्या आहेत. मालकाने सांगितले तेवढेच तो करतो, आणि आपण त्याला हसतो. सांगणाऱ्याने नीट सांगितले होते का, हे मात्र कोणी विचारीत नाही. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि तोही सुरतेच्या कतारगामात.

कतारगाम म्हणजे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांचा भाग. तेथे माझा मावसभाऊ एका लहानशा कचेरीत नोकरी करतो. कारखान्यांना लागणारी हिशेबाची प्रणाली ही कचेरी तयार करते. कोणत्या कारागिराला कोणती पुडी दिली, देताना वजन किती, परत घेताना किती, मजुरी किती. कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत हा हिशेब चालतो. प्रणालीत सुधारणा झाली की ती गिऱ्हाइकाच्या चालू यंत्रावर चढवावी लागते. याला तेथे 'डिप्लॉय करणे' म्हणतात, आणि त्यासाठी कचेरीने स्वतःचे एक साधन केले आहे. आजवर त्याला आज्ञा देण्याचे काम माणसे करीत. आता ते 'एआय एजंट'कडे, म्हणजे दिलेल्या कामाच्या पायऱ्या स्वतः ठरवून ते पार पाडणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या सहायकाकडे सोपवायचे ठरले होते. त्याच्यासाठी माहितीपत्रक हवे होते. "तू कॉमर्सचा, तुला मुद्देसूद लिहिता येईल," असे म्हणून दादाने मला शेजारी बसविले.

अशा पत्रकांची आता जगभर प्रथाच पडत आहे. एजंटने कसे वागावे हे सांगणारी 'एजंट्स डॉट एमडी' नावाची फाइल कामाच्या साहित्यातच ठेवण्याची रीत २०२५ पासून रूढ होऊ लागली आहे. आम्हीही लिहिले. कोणती आज्ञा काय करते. काम साधले तर साधन शून्य हा आकडा परत देते, दुसरा कोणताही आकडा आला तर काम फसले असे समजावे. बिघडल्यास जुनी आवृत्ती परत कशी आणावी. काय बदलणार याची यादी आधी पाहावी, मगच बदल करावा, हेही लिहिले. 'टेराफॉर्म' या प्रसिद्ध साधनात 'प्लॅन' आणि 'अप्लाय' अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत, त्या याचसाठी. आपणही अंतिम लेख्यांपूर्वी तेरीज मांडतोच की! सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोठे थांबून माणसाला विचारावे तेही लिहिले. कारण जुना माणूस न लिहिलेली जागा अनुभवाने भरून काढतो; एजंट ती पुष्कळदा अंदाजाने भरतो.

सातवा मुद्दा दादाने सांगितला: "मजुरीचा हिशेब चालू असताना काहीही चढवू नये."

मी विचारले, "हे आधी कुठे लिहिले होते?"

दादा म्हणाला, "अरे, लिहायचे काय त्यात? सगळ्यांना माहीत होते."

सगळ्यांना माहीत नव्हते. आदल्या दिवाळीपूर्वी खानदेशातून आलेल्या एका मुलाने नेमक्या त्याच वेळी नवी आवृत्ती चढविली. एका कारखान्याची मजुरी चुकीची निघाली, कारागीर खोळंबले, आणि मुलाची नोकरी गेली. तो माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच मराठी शाळेत शिकलेला. जे एक वाक्य त्याला कोणी सांगितले नाही, ते आम्ही यंत्रासाठी ठळक अक्षरांत लिहीत होतो.

ही केवळ एका कचेरीची गोष्ट नव्हे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत नवी प्रणाली आठपैकी सातच यंत्रांवर चढली. आठव्यावर जुनेच राहिले. सुमारे पाऊण तासात कंपनी ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावून बसली. सरकारी चौकशीत निघाले काय? दुसऱ्या तंत्रज्ञाने काम तपासले नव्हते, आणि तसे तपासावे असा लेखी नियमही नव्हता. एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासावे, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो.

कोणी म्हणेल, लिहून सर्व भागते काय? भागत नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या एजंटने, काहीही बदलू नको असे बजावले असताना, एका वापरकर्त्याचा चालू माहितीसाठा पुसून टाकला. म्हणजे सूचनेबरोबर कपाटाला कुलूपही हवे. त्या घटनेनंतर कंपनीने चाचणीचा आणि चालू कामाचा साठा वेगवेगळा ठेवण्याची सोय केली. पण कुलूप कोणत्या कपाटाला लावायचे, हे तरी लिहिल्याशिवाय कसे ठरणार?

माझे म्हणणे एवढेच, की यंत्रासाठी जे लिहिणार आहोत ते आधी माणसासाठी लिहावे, आणि त्याला समजेल अशा भाषेत लिहावे. आमचे पत्रक इंग्रजीत होते. मी हट्टाने त्याची मराठी प्रत केली. दादाने ती कचेरीत चहाच्या टेबलावरच्या भिंतीला लावली. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड बोलणारे विद्यार्थी शेजारी बसतात. उद्या यांतील पुष्कळजण अशाच कचेऱ्यांत कामाला लागतील. कोणत्याही एका कामाचे सूचनापत्रक आपापल्या भाषेत लिहिण्याचा सराव वाणिज्य शाखेने आम्हांला द्यावा, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे.

निघताना मी दादाला म्हटले, "एक प्रत त्या मुलालाही पाठव."

"आता त्याला काय उपयोग?" दादा म्हणाला.

चूक त्याच्या एकट्याची नव्हती, एवढे तरी त्याला कळेल.