यंत्रे आली, जाणते हात कधी?

'शोले'च्या पन्नासाव्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, त्याची नव्याने सिद्ध केलेली प्रत पहिल्यांदा दाखवली गेली ती मुंबईत नव्हे, इटलीतल्या बोलोन्या शहराच्या भर चौकात. चित्रपट आपला, पुढाकार मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचा. दुरुस्तीची प्रयोगशाळा मात्र बोलोन्याची. मूळ कॅमेरा निगेटिव्ह पार खराब झाली होती. ७० मिमीची एकही प्रत हाती लागली नाही. अखेर ब्रिटनमधल्या गोदामात पडून राहिलेले आणि मुंबईत मिळालेले डबे एकत्र करून काम तडीस गेले. त्याचे कौतुक झाले, ते रास्तच. पण ज्याचे संवाद तीन पिढ्यांना तोंडपाठ आहेत, ज्याने निर्मात्यांपासून थिएटरवाल्यांपर्यंत सगळ्यांना हात दिला, त्या चित्रपटाची निगेटिव्ह खराब होईपर्यंत कुणाच्या ध्यानात कशी आली नाही? ध्यान ठेवणे हे कुणाचेच ठरलेले काम नव्हते, इतके याचे उत्तर सोपे आहे.

पैसा नव्हता, ही सबब आता पुरणार नाही. केंद्राच्या राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेची आखणी ५९७ कोटी रुपयांची. तिच्यातून २,२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपये २०२२ साली जाहीर झाले आणि जगातला हा अशा प्रकारचा सर्वात मोठा प्रकल्प असल्याचे तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्र्यांनी सांगितले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यानुसार स्कॅनर आले, कंत्राटे निघाली. मोहिमेच्या उद्दिष्टांत प्रशिक्षणाचाही उल्लेख आहे. तो उल्लेख कार्यशाळांच्या पुढे फारसा सरकलेला नाही. हे काम आयुष्यभराचा व्यवसाय म्हणून करतील अशी माणसे दरवर्षी ठरावीक संख्येने घडवणारी व्यवस्था आपल्याकडे उभी राहिलेली नाही, आणि ती नसेल तर स्कॅनरवर खर्च झालेल्या पैशाचेही मोल पुरते वसूल होणार नाही.

यात शिकवण्यासारखे आहे तरी काय, असे विचारणारे कमी नाहीत. डबा उघडायचा, रीळ यंत्रावर चढवायचे, बटण दाबायचे! प्रत्यक्षात डबा उघडण्यापासूनच परीक्षा सुरू होते. १९५० च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म पेटली की विझत नाही. ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्या घडणीतच असल्याने ती पाण्यात बुडवली तरी जळत राहते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत काय गेले, हे या शहराला सांगायला नको. नंतर आलेली अ‍ॅसिटेट फिल्म पेटत नाही, ती आंबते. उष्ण आणि दमट हवेत तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटू लागते, डब्याला व्हिनेगरचा वास येतो, आणि सुटलेले आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते. शेजारच्या डब्यांनाही त्याची बाधा होते. म्हणून कुणीतरी कपाटामागून कपाट तपासून कोणता डबा वेगळा काढायचा, कोणता आधी स्कॅन करायचा आणि कोणता दहा वर्षे थांबू शकतो, हे ठरवावे लागते. आक्रसलेल्या फिल्मची कडेची छिद्रे यंत्राच्या दात्यांशी जुळत नाहीत. जबरदस्तीने चालवली की ती फाटते. रंगीत फिल्ममधला निळसर थर उडाला की सारे दृश्य गुलाबी पडते. संगणक तो रंग परत आणू शकतो, पण कोणता रंग? छायालेखकाने मुद्दाम ठेवलेली काळोखी छटा आणि काळाने आणलेला डाग यांतला फरक सॉफ्टवेअरला कळत नाही. अडाणी हातांनी 'स्वच्छ' केलेल्या जुन्या चित्रपटांत नटांचे चेहरे मेणाचे दिसतात, ते फिल्मचे कणही घाण समजून पुसल्यामुळे.

आवाजाचे तर आणखी नाजूक. जुन्या चुंबकीय टेपवरचा लेप ओलावा शोषून चिकट होतो. काही प्रकारच्या टेप मंद उष्णतेत तासन्‌तास ठेवल्यावरच एकदा नीट वाजतात, आणि कोणत्या प्रकाराला हा उपाय चालतो, कोणत्याचा त्याने नाश होतो, हे आधी ओळखावे लागते. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात, पण सुरुवातीच्या अनेक ध्वनिमुद्रिका त्या वेगाने झालेल्याच नाहीत. वेग सहा टक्क्यांनी चुकला की काळी एकमध्ये गाणारी गायिका पांढरी दोनमध्ये गाऊ लागते, आणि तीच नोंद पुढच्या पिढीसाठी 'अस्सल' ठरते. हे ओळखायला कान हवा, घराण्याची माहिती हवी आणि यंत्राचीही. संगीत जाणणारा यंत्राला घाबरतो आणि यंत्र जाणणाऱ्याला षड्ज कळत नाही, अशी आपली आजची विभागणी आहे.

डिजिटल केले म्हणजे जपले, हा तर याहून मोठा गैरसमज. अडीच तासांच्या चित्रपटात दोन लाखांहून अधिक चौकटी असतात. फोर-के दर्जाने स्कॅन केलेली एक चौकट सुमारे ५० मेगाबाइटची धरली, तर एका चित्रपटाच्या कच्च्या फायलीच दहा टेराबाइटच्या वर जातात. त्या हार्ड डिस्कवर टाकून कपाटात ठेवल्या की काही वर्षांनी डिस्क सुरू होईलच याची हमी नाही. एलटीओ टेपवर ठेवल्या तर नवे यंत्र फार तर एक-दोन पिढ्या मागच्याच टेप वाचते. म्हणजे ठरावीक वर्षांनी सारा साठा नव्या टेपवर हलवणे आले. प्रत्येक फाइल मुळात होती तशीच आहे ना, हे चेकसम ताडून पुन्हा पुन्हा तपासणे आले, आणि एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवणे आले. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकी अकादमीने २००७ साली हिशेब मांडला होता: एका चित्रपटाची फिल्मवरची मूळ प्रत सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, तर फोर-के डिजिटल प्रत सांभाळायला १२,५१४ डॉलर. साठवण त्यानंतर स्वस्त झाली असली तरी हा खर्च दरवर्षीचा आहे, ही गोष्ट बदललेली नाही. कंत्राटदार स्कॅन करून, देयक घेऊन निघून जातो. पुढच्या पन्नास वर्षांची जबाबदारी संस्थेतल्या माणसावर पडते, आणि तो माणूस शिकलेला असावा लागतो.

आपल्याकडे हे काम ज्यांनी केले ते स्वतःच शिकले. १९६४ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पी. के. नायर तिथे रुजू झाले. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळे, 'कालिया मर्दन', प्रभातचे बोलपट हे आज पाहता येते त्यामागे नायर यांची वणवण आहे. त्यांच्या आधी झालेले नुकसान मात्र त्यांनाही भरून काढता आले नाही. मूकपटांच्या काळात या देशात तेराशेवर चित्रपट तयार झाले, आणि पूर्ण अवस्थेत उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कित्येक रिळे त्यातल्या चांदीसाठी भंगारात गेली. पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुठेही नाही. नायर १९९१ मध्ये निवृत्त झाले आणि २०१६ मध्ये पुण्यातच वारले. त्यांच्यावर चित्रपट निघाला, गौरव झाले. त्यांच्या डोक्यातले ज्ञान शिष्यपरंपरेने पुढे जाईल अशी शाळा मात्र निघाली नाही. एका झपाटलेल्या माणसावर विसंबून राहणे स्वस्त पडते, आणि सरकारी खात्यांना ते फार मानवते.

बाहेर हे कधीच उमगले आहे. इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९९० मध्ये चित्रपट-जतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेत रोचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयात १९९६ पासून सेल्झनिक स्कूल चालते. विद्यार्थी संग्रहालयाच्या खऱ्या रिळांवर हात बसवतात. न्यूयॉर्क आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठांतही हा विषय शिकवला जातो. आपल्याकडे राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेखशास्त्राची पदविका आहे, पण तिचा भर कागदावर. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट चित्रपट करायला शिकवते, राखायला नाही. ही पोकळी थोडीफार भरून काढली ती फिल्म हेरिटेज फाउंडेशनने: चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या साथीने २०१५ पासून मुंबई, पुणे, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद अशी शहरे बदलत भरवलेल्या कार्यशाळांनी. शेजारी देशांतले लोकही तिथे येऊन शिकून गेले. एका खासगी संस्थेने करावे त्याहून हे जास्तच झाले. पण आठ-दहा दिवसांत ओळख होते, हात बसत नाही.

आमची सूचना म्हणूनच साधी आहे. दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम पुण्यात सुरू करा. आणि यासाठी नवी इमारत, नवे मंडळ, नवा बोधचिन्हाचा समारंभ काहीही नको. १९६० मध्ये प्रभातच्या आवारात सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय दोन्ही लॉ कॉलेज रस्त्यावर आहेत. त्यांनी मिळून चालवलेला चित्रपट-रसास्वादाचा वर्ग कित्येक दशके गाजतो आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे पदवी देण्याची अडचणही उरली नाही. डिजिटल जतनासाठी सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था याच शहरात आहे. परम महासंगणकाचे कौतुक आपण करतो, पण सी-डॅकची दुसरी कामगिरी फारशी कुणाला ठाऊक नाही: दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातल्या दृक्‌श्राव्य संग्रहाला २०१७ मध्ये विश्वासार्ह डिजिटल भांडाराचे आयएसओ १६३६३ हे प्रमाणपत्र मिळाले. ते मिळवणारा तो जगातला पहिला संग्रह, आणि त्याची 'डिजिटालय' ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये घडलेली.

मग हे जमत का नाही? एक अडचण खात्यांची. इन्स्टिट्यूट माहिती व प्रसारण मंत्रालयाची, सी-डॅक इलेक्ट्रॉनिक्सचे, कला केंद्र सांस्कृतिक खात्याचे. दुसरी अडचण अधिक खरी: शिकून नोकरी कुठे? संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन केले गेले. चित्रपट काढणे आणि विकणे हा ज्या महामंडळाचा धंदा, त्याच्या ताळेबंदात जपलेल्या डब्याची किंमत शून्य दिसते. तेव्हा विलीनीकरणाने कारभार सुटसुटीत झाला असेल, पण जतनतज्ज्ञांची कायम पदे आणि त्यांची वेगळी सेवाश्रेणी मंत्रालयाने निर्माण केल्याशिवाय हुशार मुले इकडे वळणार नाहीत. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनाही ही पदे लागतील. 'गीतरामायण' १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये. टेप महाग म्हणून जुन्यावर नवे मुद्रण करण्याची रीत जगभरच्या केंद्रांत होती, बीबीसीही तिला अपवाद नव्हती. तरीही जे वाचले ते आज टेपवरच आहे. वाहिन्या आणि ओटीटी कंपन्या यांनाही या माणसांची गरज आहे. निगेटिव्ह गेली की हक्क विकायला काही उरत नाही, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

आणि फक्त सिनेमापुरते हे नाही. संगीत नाटकांचे प्रयोग, कीर्तने, लावण्यांच्या बैठका, वसंत व्याख्यानमालेतली भाषणे अशा कितीतरी गोष्टी महाराष्ट्रातल्या घरांत आणि ग्रंथालयांत स्पूलवर आणि कॅसेटवर पडून आहेत. त्यांच्यासाठी दोन वर्षांची पदवी नको; जिल्हा ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांना काय उघडायचे, काय मुळीच उघडायचे नाही आणि कुणाकडे पाठवायचे, एवढे शिकवणारा काही आठवड्यांचा वर्ग पुरेल. चुंबकीय टेपवरचा मजकूर सुमारे २०२५ नंतर वाजवणेच अशक्यप्राय होत जाईल, असा इशारा युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आधीच देऊन ठेवला होता. कारण टेप मरते त्याआधी ती वाजवणारे यंत्र मरते. स्पूल-डेक आज क्वचितच कुणी बनवते. सुटे भाग जुनी यंत्रे मोडून मिळवावे लागतात.

ती यंत्रे उघडून जोडणारे हात अजून आहेत. बंद पडलेल्या फिल्म लॅबमधले रसायन जाणणारे कामगार, आकाशवाणीचे निवृत्त अभियंते, चाळीस वर्षे प्रोजेक्टर चालवलेले ऑपरेटर मुंबई-पुण्यात आहेत, आणि बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांकडे पदवी नसेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्यक्ष कामातल्या अनुभवी लोकांना औपचारिक शैक्षणिक पात्रतेविना प्राध्यापकीची वाट मोकळी केली आहे. मात्र त्यात वरिष्ठ पदावरच्या अनुभवाला पसंती आहे. लॅबमधला कामगार त्या चौकटीत कसा बसवायचा, हे इन्स्टिट्यूटच्या विद्वत परिषदेने ठरवावे आणि येत्या शैक्षणिक वर्षाच्या जाहिरातीआधी ठरवावे.