शाळा पाडून मराठी टिकेल काय?

सिकंदराबादच्या महबूब कॉलेजसमोरून आपली ये-जा नेहमीची. पण थांबून पाहतो कोण? 1862 साली सुरू झालेली ही शाळा. शिकागोला जाण्यापूर्वी, 13 फेब्रुवारी 1893 रोजी, स्वामी विवेकानंदांनी येथेच व्याख्यान दिले. नातवाला बोट धरून ही जागा दाखवता येते, कारण वास्तू उभी आहे.

मग आपल्या जुन्या मराठी शाळांचा विषय निघाला की आपल्याच मंडळींचा सूर का बदलतो? "मुले उरली नाहीत. पाडा, वर मजले चढवा, भाडे येईल!" आम्ही विचारतो, निजामाच्या राज्यात शिक्षण आणि कारभार उर्दूत चालत असताना केशवराव कोरटकरांसारख्यांनी विवेकवर्धिनीसारखी शाळा उभी केली, ती काय भाड्यासाठी?

पुण्याकडे पाहा. भिडे वाड्यात 1848 मध्ये जोतिराव व सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. वाड्याचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला, वाडा मोडकळीस आला आणि डिसेंबर 2023 मध्ये जमीनदोस्त झाला. स्मारक नवे बांधता येईल. त्या भिंती परत येणार नाहीत. जे पुण्यात झाले ते इथे व्हायला कितीसा वेळ?

सरकारवर भिस्त ठेवू नका. शहरातील वारसा वास्तूंना संरक्षण देणारा 13 वा नियम 2015 मध्ये रद्द झाला. नवा वारसा कायदा आला तो 2017 मध्ये. पुढे इर्रम मंजिल पाडायला सरकारच निघाले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, तेही नागरिक न्यायालयात गेले म्हणून. आपल्या शाळांसाठी कोण जाणार? शेजारी?

मुले कमी झाली हे आम्हालाही दिसते. पण त्याचा दोष भिंतींचा नाही. मुलांना दुसरीकडे घातले ते आपणच. रिकाम्या वर्गांत संध्याकाळी मराठी शिकवा, ग्रंथालय उघडा. वापरातली वास्तू पाडणे कोणालाही जड जाते.

पिढ्यान्पिढ्या येथे नांदलेल्या घरांकडे आमचे तीनच मागणे आहे. ट्रंकेतले जुने फोटो, दाखले, वर्गणीच्या पावत्या बाहेर काढा. सभासदांच्या सभेत इमारत पाडण्याचा ठराव आला तर विरोधात हात वर करा. आणि वारसा यादीत नाव घालण्यासाठीच्या अर्जावर सही करा.

पाडून झाल्यावर हळहळणारे पुष्कळ भेटतील. आम्हाला आज सही करणारे हवेत.