एक्स्प्लेनर : चिखल यादीत, वाळू यादीत, मग मुंबईचा खडक बाहेर का?

ओहोटीला वरळी किंवा हाजीअलीला गेलात, तर पाण्याबाहेर काळा खडक दिसतो. पुणेकरांना तो ओळखीचा आहे. पर्वती आणि सिंहगड ज्याचे आहेत तोच हा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. फक्त तिथे त्याच्यावर दिवसातून दोनदा भरती चढते.

मुंबई मूळची बेटांची, पण तिचा काठ सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेला उघड्या समुद्राच्या लाटा बारीक गाळ टिकू देत नाहीत. त्यामुळे तिथे खडक, आणि मध्येमध्ये गिरगाव, दादरसारखी वाळू. पूर्वेला बंदराच्या आडोशाला पाणी शांत असतं, गाळ खाली बसतो. म्हणून शिवडीला चिखल, तिवरं आणि हिवाळ्यापासून फ्लेमिंगो.

कोणता जीव कुठे राहणार, हे बरंचसं या पृष्ठभागावर ठरतं. कालवं आणि प्रवाळांना चिकटायला घट्ट आधार लागतो. वाळू सतत हलते, तिथे पुरून राहणारेच टिकतात. निवटीला बीळ करायला चिखल हवा. कोळीवाड्यातल्या बायकांना हे वर्गीकरण कुणी शिकवावं लागत नाही.

सरकारी वर्गीकरण मात्र इथे अडखळतं. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत सर्वांत संवेदनशील गट आहे १-अ. त्यात तिवरं, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे, कासवांच्या विणीच्या जागा आहेत. खडकाळ किनारा नाही. तो केवळ भरती-ओहोटीच्या रेषांमधली जागा म्हणून १-ब मध्ये जातो. तिथे बंदर, जेट्टी, सागरी सेतूसाठी भराव टाकता येतो. २०११च्या यादीतही खडक नव्हता, आणि कोस्टल रोडला २०१७मध्ये परवानगी मिळाली ती त्याच नियमांखाली.

पुढे २०२०मध्ये वरळी आणि हाजीअलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे नेले गेले, कारण ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच खडकावरच्या कालवांसाठी, खेकड्यांसाठी तशी सक्ती नव्हती. भाडेकरू हलवला, घराचा विचारच नाही.

चिखलाला लावलेला ‘जैविकदृष्ट्या सक्रिय’ हा निकष खडकालाही लावायला हवा. मोजणी अवघड नाही : ओहोटीला खडकावर ठरावीक मापाची चौकट ठेवायची आणि आतले जीव मोजायचे. (साइट न बघता ड्रॉइंग काढलं, तर इंजिनिअरिंगला आमची शीट परत यायची.) किनारा आराखडे १:२५,००० प्रमाणावर काढतात, शंभर मीटर रुंद खडकाळ पट्टा त्यावर जेमतेम चार मिलिमीटर भरतो. तेवढ्यासाठी वेगळा रंग ठरवायचं काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं आहे.